फुलांचे दान : काल आणि आज

विहारात झेंडूचे फूल चालते का, हा प्रश्न आपल्याकडे दरवर्षी निघतो. बुद्ध पौर्णिमेच्या तयारीच्या बैठकीत निघतो आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी तर हटकून निघतो. तरुण मंडळी म्हणतात, झेंडू म्हणजे दसऱ्याचं तोरण, तो 'त्यांचा', आपण पांढरीच फुलं वापरावीत. वयस्कर उपासिका म्हणतात, अरे बाबांनो, फुलाला कसली जात लावता? आणि खजिनदार म्हणतात, पांढऱ्या शेवंतीचा भाव विचारलात का आधी? तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण या वादात इतिहास काय सांगतो ते कुणी विचारत नाही. स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा मी ठरवलं की या वेळी हाच विषय घ्यायचा. मी काही पंडित नाही. गिरणीतली पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं, आणि फुलबाजारात उभं राहून जे पाहिलं, तेवढीच माझी पुंजी.

सुरुवात झेंडूपासूनच करू. झेंडू हे मूळचं मेक्सिको देशातलं फूल. तिथल्या मूळ रहिवाशांचं ते पवित्र फूल होतं आणि आजही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मेक्सिकोतले लोक आपल्या मेलेल्या माणसांच्या आठवणीत कबरींवर झेंडूच्या राशी घालतात. पोर्तुगीज दर्यावर्दींच्या काळात ते समुद्रमार्गे आपल्याकडे आलं. इंग्रजांनी त्याला आफ्रिकन मेरीगोल्ड नाव दिलं, तेही चुकीचंच. म्हणजे ज्याला आपण अगदी वेदकाळापासूनचं समजतो, त्या फुलाला इथे येऊन पाचशे वर्षंसुद्धा धड झालेली नाहीत. कोणत्याही जुन्या शास्त्रात त्याचं नाव असणं शक्यच नाही. मग ते 'त्यांचं' कसं झालं?

बरं, पांढरा म्हणून आपण ज्याला मान देतो तो निशिगंध, ज्याला गुलछडी म्हणतात, तोही मेक्सिकोचाच. पांढरा चाफा, कोकणात ज्याला खुरचाफा म्हणतात, तोही त्याच अमेरिकेच्या बाजूचा. आणि हाच चाफा आज सिंहलद्वीपात प्रत्येक विहाराच्या अंगणात दिसतो, तिथले बौद्ध उपासक तो रोज बुद्धांपुढे ठेवतात. अॅस्टर आणि शेवंती चीनकडची. बुके करणाऱ्याच्या दुकानात दिसणारा जरबेरा दक्षिण आफ्रिकेचा. एप्रिल-मे महिन्यात निळ्या झेंड्यांच्या जोडीला जो लाल गुलमोहर फुललेला असतो तो मादागास्कर बेटाचा. तेव्हा फुलाचं मूळ गाव शोधून त्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं असं ठरवायला बसलो, तर विहारात मोगरा, सोनचाफा, पारिजातक, बकुळ आणि कमळ एवढीच राहतील. आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं गेलं त्यांच्या मुलांनी फुलांना प्रवेशबंदी करावी, हे मला तरी पटत नाही.

आता बुद्धकाळाकडे वळू. फुलं कुणी कुणाला आणि कशासाठी द्यावीत, याबद्दल तिपिटकात आणि त्यावरच्या अट्ठकथांत जेवढं सापडतं तेवढं दुसरीकडे क्वचित सापडेल. धम्मपदाचा चौथा वग्गच मुळी पुप्फवग्ग आहे, त्यात १६ गाथा आहेत. पण मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती माणसं, कारण ती आपल्यासारखीच कष्टकरी होती.

राजगृहात सुमन नावाचा माळी होता. राजा बिंबिसाराला रोज आठ नाळी जाईची फुलं पोहोचवायची आणि त्याबद्दल आठ कहापण घ्यायचे, हा त्याचा ठेका. एके दिवशी फुलं घेऊन जाताना वाटेत भगवान बुद्ध दिसले. त्याने राजाची फुलं त्यांना वाहिली. राजाची फुलं दुसऱ्याला देणं म्हणजे गर्दन जाण्याचा प्रसंग, हे त्याला ठाऊक होतं. घरी बायकोला सांगितलं तर ती घाबरली आणि राजाकडे जाऊन म्हणाली, यात माझा काही संबंध नाही. राजाने शिक्षा केली नाही, उलट सन्मान केला. फुलं हवेत छत्रासारखी तरंगली वगैरे जो भाग कथेत आहे तो आपण सोडून देऊ, बाबासाहेबांनी आपल्याला चमत्काराच्या नादी लागायला शिकवलेलं नाही. पण रोजच्या भाकरीचा ठेका धोक्यात घालून एका कामगाराने ती फुलं दिली, हे लक्षात घ्यावं.

दुसरी खुज्जुत्तरा. ही कोसंबीच्या राणी सामावतीची दासी. पाठीला कुबड म्हणून नावही तसंच पडलेलं. राणी तिला रोज फुलांसाठी आठ कहापण द्यायची. ती चार कहापणांची फुलं आणायची, चार स्वतःकडे ठेवायची. एकदा फुलवाल्याच्या घरी तिने बुद्धांचं प्रवचन ऐकलं आणि त्या दिवशी पूर्ण आठ कहापणांची फुलं घेऊन गेली. राणीने विचारलं, आज एवढी फुलं कशी? तिने खरं ते सांगून टाकलं. राणीने तिला हाकललं नाही. उंच आसनावर बसवून, जे ऐकलंस ते आम्हाला सांग म्हणाली. फुलं विकत आणणारी दासी राजवाड्यातल्या स्त्रियांची शिक्षिका झाली आणि पुढे बहुश्रुत उपासिकांमध्ये बुद्धांनी तिलाच अग्रस्थान दिलं. आपल्या महिला मंडळाच्या भिंतीवर एखादं चित्र लावायचं असेल तर या बाईचं लावावं, असं मी कितीदा सुचवलं आहे. असो.

तिसरी मल्लिका. श्रावस्तीच्या माळ्याची पोर, पुढे कोसल देशाच्या पसेनदी राजाची राणी झाली. मल्लिका म्हणजे मोगरा. तिला मुलगी झाली तेव्हा राजाचं तोंड उतरलं. त्या वेळी भगवंतांनी राजाला समजावलं की मुलगीसुद्धा मुलापेक्षा सरस निघू शकते. मुलीच्या नामकरणाला मोगऱ्याचा गजरा नेताना ही गोष्ट घरात सांगायला हरकत नाही.

मात्र बुद्धांच्या धम्मात फुलं देणं नेहमीच चांगलं मानलं होतं असंही नाही. ही बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. किटागिरी नावाच्या ठिकाणी अस्सजी आणि पुनब्बसु यांच्या गटातले काही भिक्खू राहत होते. त्यांनी फुलझाडं लावली, त्यांना पाणी घातलं, फुलं तोडली आणि माळा गुंफून गावातल्या घरोघरच्या लेकीसुनांना पाठवू लागले. विनयपिटकात त्या फुलांच्या प्रकारांची यादीच आहे : एका बाजूला देठ असलेली माळ, दोन्ही बाजूंना देठ असलेली माळ, मंजिरी, डोक्यावरचा तुरा, कानावर खोवायचं फूल, छातीवर रुळणारा हार. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी फुलांच्या मांडणीची कला किती पुढे गेली होती ते दिसतं! पण परिणाम काय झाला? एकदा एक साधा, खाली मान घालून चालणारा भिक्खू त्या गावात भिक्षेला गेला तर लोक त्याला नावं ठेवू लागले. आमचे भिक्खू किती गोड बोलतात, फुलं देतात, हा कोण घुम्या? शेवटी एका उपासकाने बुद्धांपर्यंत निरोप पोहोचवला. भगवंतांनी सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांना पाठवून त्या भिक्खूंना तिथून हद्दपार करण्याची कारवाई करायला लावली. अशा वागण्याला विनयात 'कुलदूषण' असं नाव आहे, म्हणजे भेटी देऊन कुटुंबं बिघडवणं.

एकच फूल. सुमनने दिलं तर दान, किटागिरीच्या भिक्खूंनी दिलं तर दोष. का? एकाने परतफेडीची अपेक्षा ठेवली नाही आणि दुसऱ्यांनी आपली वट वाढवण्यासाठी दिलं. आज नगरसेवकाच्या वाढदिवसाला क्रेनने उचलून घातले जाणारे हार पाहिले की मला किटागिरी आठवते. आपल्याही कार्यक्रमांत पाहुण्यांच्या सत्काराचे हार घालण्यात पाऊण तास जातो, आणि मुलांच्या भाषणांना वेळ उरत नाही. हे बोललं की काही कार्यकर्त्यांना राग येतो, पण बोलायला हवं.

याच ओघात एक चूक सांगून ठेवतो, ती अनेक विहारांत होते. पूज्य भन्तेजींच्या गळ्यात हार घालू नये. माळा, गंध, विलेपन यांपासून दूर राहण्याचं शील भिक्खूंनी घेतलेलं असतं, आणि उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारे उपासकही ते पाळतात. भन्तेंना फूल द्यायचं तर तबकात ठेवून द्यावं, म्हणजे ते बुद्धमूर्तीपुढे ठेवतील.

महापरिनिब्बान सुत्तात कुसिनाराचं वर्णन आहे. दोन सालवृक्षांच्या मधे तथागत पहुडले होते, आणि त्या वृक्षांना अवेळी बहर येऊन फुलं त्यांच्या अंगावर पडत होती. तेव्हा ते आनंदाला म्हणाले की हा काही तथागतांचा खरा सत्कार नव्हे, धम्माप्रमाणे जो वागतो तोच खरा सत्कार करतो. हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच सुत्तात पुढे, परिनिर्वाणानंतर कुसिनाराच्या मल्लांनी सहा दिवस माळा आणि सुगंधाने त्यांच्या देहाचा मान राखला आणि सातव्या दिवशी दहन केलं, हेही लिहिलेलं आहे. लोकांनी फुलं आणली, त्यांना कुणी हात धरून अडवलं नाही. फुलापेक्षा आचरण मोठं, पण दुःखात असलेल्या माणसाच्या हातातलं फूल काढून घ्यायचं नाही, असा मी त्याचा अर्थ घेतो.

पुढच्या काळात स्तूप उभे राहिले. सांची आणि भारहूतच्या दगडांवर पाहा, सुरुवातीच्या त्या शिल्पांत बुद्धांची मूर्तीच नाही. रिकामं आसन आहे, बोधिवृक्ष आहे, चक्र आहे, स्तूप आहे, आणि त्यांच्याकडे माळा घेऊन येणारी माणसं आहेत. मूर्ती नव्हती तेव्हाही फूल होतं! भारहूतच्या कठड्यावर तर कमळंच कमळं. आपल्या महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातल्या कुडे लेण्यांत एका दानलेखात 'मालाकार' असा शब्द आहे. म्हणजे एका माळ्याने डोंगरातलं लेणं दान दिलं. ज्यांच्या घरी फुलं ओवून पोट भरत होतं त्यांची ऐपत आणि मान त्या समाजात एवढा होता की शेठ-सावकारांच्या शेजारी त्यांचं दान कोरलं गेलं. लेणी पाहायला सहल काढतो तेव्हा फोटोबरोबर हेही मुलांना दाखवावं.

सिंहलद्वीपाच्या महावंस ग्रंथात भातिक अभय राजाची हकिगत आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. त्याने अनुराधपूरच्या महास्तूपाला खालच्या कठड्यापासून वरपर्यंत चार अंगुळं जाड सुगंधी लेप दिला आणि त्या ओल्या लेपात फुलं देठांनी खोवून सगळा स्तूप फुलांचा केला. तळ्यातलं पाणी यंत्राने उचलून त्या फुलांवर शिंपडण्याची सोयही केली होती. राजाचं काम, राजाचा खर्च! आपल्याला ते परवडायचं नाही आणि त्याची गरजही नाही. पण देठ ओलं राहिलं तर फूल टिकतं ही अक्कल त्यात आहे, ती घेण्यासारखी आहे.

मांडणीचं शास्त्र खरं वाढलं ते जपानात. आज श्रीमंत बायका पैसे भरून ज्या इकेबानाचे वर्ग करतात, त्याचं मूळ बुद्धमूर्तीपुढे फुलं ठेवण्याच्या रिवाजात आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? क्योतो शहरातल्या रोक्काकुदो या बौद्ध मंदिरात तळ्याकाठच्या कुटीत राहणारे पुजारी भिक्खू बुद्धांपुढे फुलं मांडत. तळ्याकाठची कुटी म्हणजे 'इकेनोबो', त्यावरूनच त्या घराण्याचं नाव पडलं. त्यांच्यातल्या सेन्केई या भिक्खूच्या फुलांच्या मांडणीची नोंद १४६२ सालातली आहे. या लोकांनी ढीग घालण्याची पद्धत सोडली. एक फांदी उंच, एक मधली, एक बुटकी, मधे मोकळी जागा. पूर्ण उमललेल्या फुलाबरोबर कळीही ठेवायची आणि सुकत चाललेलं पानही, कारण अनित्यता दिसली पाहिजे.

जपानच्या सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्याबद्दल एक गोष्ट सांगतात. त्याच्या बागेत निळ्या वेलीची फुलं इतकी बहरली होती की तिथला सत्ताधीश हिदेयोशी मुद्दाम पाहायला आला. येऊन बघतो तर बागेत एकही फूल नाही, सगळी तोडलेली. रागारागाने खोलीत शिरला तर समोर कोनाड्यात एकच फूल ठेवलेलं. खरीखोटी कोण जाणे, पण आपल्या स्टेजच्या सजावटीचं कंत्राट देताना ही गोष्ट आठवावी. त्याच देशात आजाऱ्याला कुंडीतलं रोप नेत नाहीत. मुळं धरलेलं रोप नेलं की आजारी माणूस अंथरुणाला मूळ धरून राहील, असा त्यांचा समज. कॅमेलियाचं फूलही नेत नाहीत, कारण ते पाकळी पाकळी न गळता मान तुटल्यासारखं अख्खं खाली पडतं. हा समजच आहे, त्यात विज्ञान काही नाही. पण समोरच्याच्या मनाला काय वाटेल याचा विचार करून फूल निवडायचं, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

हे सगळं जगात चाललं होतं तेव्हा आपल्या पूर्वजांच्या हातात फूल होतं का? बौद्ध धम्म या भूमीतून मावळल्यावर ज्यांना अस्पृश्य ठरवलं त्यांच्या हातचं फूल देवळात चालेनासं झालं. १४ व्या शतकातल्या संत चोखामेळ्यांना पंढरपुरात जो मार खावा लागला, त्याचं निमित्त काय? विठ्ठलाचा हार त्यांच्याकडे सापडला, हा आरोप! त्यांच्या नावावरच्या अभंगात ही कैफियत आली आहे. एका फुलांच्या माळेसाठी पाठ फुटली. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हाही दरवाजे बंदच होते, आणि वर्षानुवर्षं झगडून ते उघडले नाहीत. देवाला फूल वाहण्याची हौस म्हणून बाबासाहेबांनी तो लढा दिला नव्हता, माणूस म्हणून हक्काचा तो प्रश्न होता. तरी जो हात फूल घेऊन पुढे जातो आणि ज्याला दारातून मागे ढकललं जातं, त्या हाताला काय वाटलं असेल याचा विचार मी नेहमी करतो. महात्मा जोतीराव फुल्यांचं आडनावच फुलांच्या धंद्यावरून पडलेलं, त्यांचं घराणं पेशव्यांना फुलं पुरवायचं. म्हणजे राजवाड्यात फुलं जात होती, फुलं पुरवणाऱ्यांना विद्या मात्र मिळत नव्हती.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाचं मोल वेगळं आहे. नागपूरला त्या सकाळी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी बुद्धमूर्तीला तीनदा वंदन करून पांढरी कमळं वाहिली, असा उल्लेख धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. समोर लाखोंचा जनसमुदाय पांढऱ्या वस्त्रांत. त्यांतल्या बहुतेकांच्या घराण्यात कित्येक पिढ्यांत कुणी, मधे कुणी उभं न राहता, थेट हाताने फूल वाहिलेलं नव्हतं. पांढऱ्या फुलाचा आग्रह धरणाऱ्या तरुणांना मी म्हणतो, तुमच्या आग्रहाचं मूळ इथे आहे आणि ते चांगलं आहे. पण तो दिवस विजयादशमीचा होता, त्या दिवशी नागपूरच्या बाजारात झेंडूच जास्त असणार, हेही ध्यानात घ्या.

आणि मग दोन महिन्यांच्या आत ७ डिसेंबर. राजगृहाहून निघालेली ती यात्रा, फुलांनी झाकलेला ट्रक, दादर चौपाटीपर्यंत माणसांचा समुद्र. त्या दिवशी ज्याला जे फूल मिळालं ते त्याने टाकलं. कोणतं पांढरं, कोणतं पिवळं, कुणी विचारलं नाही.

आपल्या वस्तीचा फुलांशी आणखी एक संबंध आहे, तो पोटाचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील साचाखात्यात होते. घरात पगार बंद. तेव्हा आईने शेजारणींबरोबर पहाटे चारला दादरच्या फुलबाजारात जायला सुरुवात केली. सुटी फुलं वजनावर घ्यायची, चाळीच्या गॅलरीत बसून हार आणि गजरे ओवायचे, संध्याकाळी स्टेशनबाहेर विकायचे. मी शाळकरी पोर, सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझं. आईचा एक नियम होता : मोगऱ्याची कळी दुपारनंतर खुडलेली आणि घट्ट मिटलेली असली तरच घ्यायची, ती रात्री उमलते. सकाळी उमललेला मोगरा विकणारा फसवतो. पुढे मी बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो, आणि आमचीही गिरणी बंद पडली. कामाच्या शेवटच्या दिवशी हार नाही, नारळ नाही. पूर्वी निवृत्त होणाऱ्या कामगाराला खात्यातले लोक वर्गणी काढून हार घालायचे, गेटपर्यंत वाजतगाजत सोडायचे. आम्हाला नोटीस मिळाली. हे सांगायचं कारण एवढंच की वस्तीतला कुणी निवृत्त होत असेल, मग तो सफाई खात्यातला असो की बेस्टचा, त्याच्या सत्काराला एक फूल घेऊन जरूर जावं.

आता निवडीबद्दल जे अनुभवाने कळलं ते सांगतो. पहिली गोष्ट हंगाम. जे फूल त्या महिन्यात भरपूर येतं तेच ताजं, तेच स्वस्त. १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमेला मोगरा आणि सोनचाफा. वर्षावासाच्या महिन्यांत तगर, अनंत, सोनटक्का, ही फुलं पुष्कळांच्या गावच्या परसात असतात. ऑक्टोबरात झेंडू. डिसेंबरात शेवंती, अॅस्टर, गुलाब. भर पौर्णिमेला कमळाचा हट्ट धरला तर भाव दुप्पट होतो आणि कमळ मिटलेलंच राहतं, कारण तोडलेली कळी सहसा नीट उमलत नाही. थायलंडचे बौद्ध यावर युक्ती करतात, बाहेरच्या पाकळ्या एकेक करून हाताने आत दुमडतात, कळीच फुलासारखी दिसते. आपल्या मुलींना हे पाच मिनिटांत जमतं.

जपानात ८ एप्रिलला बुद्धजयंती असते. त्या दिवशी फुलांनी मढवलेल्या छोट्या मंडपात बालबुद्धाची मूर्ती ठेवून मुलं तिच्यावर गोड चहा ओततात. आपण पौर्णिमेला थर्मोकोलची कमान लावायचो. २०१८ साली राज्य सरकारने त्यावर बंदी घातली तेव्हा कमिटीपुढे प्रश्न पडला, आता काय? आंब्याची डहाळी, पिंपळाची पानं आणि झेंडूच्या लडी, यात सगळं भागलं. प्लास्टिकच्या फुलांना मात्र माझा कायम विरोध आहे. पूजेच्या पाली गाथेत फुलाच्या रंगाचं आणि वासाचं कौतुक करून शेवट त्याच्या कोमेजण्यावर केला आहे. न कोमेजणारं फूल पुढे ठेवून ती गाथा म्हणायची म्हणजे कमालच झाली. शिवाय फुलशेती करणाऱ्या शेतकऱ्याचं नुकसान होतं ते वेगळंच.

मंगल परिणयात वधूवरांना निशिगंधाचे साधे हार पुरतात. निशिगंधाची छडी खालून वर उमलत जाते, म्हणून मूर्तीपुढे ठेवलेल्या छडीच्या खालच्या सुकलेल्या कळ्या रोज काढाव्यात, देठ तिरका कापावा, पाण्यात बुडणारी पानं काढावीत आणि पाणी दररोज बदलावं. असं केलं तर बुधवारी आणलेली छडी रविवारच्या वंदनेपर्यंत टिकते. मूर्तीच्या चेहऱ्यापेक्षा उंच फुलं नकोत, मेणबत्तीजवळ तर नकोतच.

दवाखान्यात भेटायला जाताना उग्र वासाचं फूल नेऊ नये, निशिगंधाने आजाऱ्याचं डोकं दुखतं. खरं तर आपल्या लोकांनी तिथे फळं आणि थोडे पैसे न्यावेत. मयताच्या घरी मोठं पुष्पचक्र नेऊन त्यावर मंडळाच्या नावाची चकचकीत पट्टी लावण्याची नवी रीत पडली आहे, ती मला बघवत नाही. तिथे सुटी पांढरी फुलं न्यावीत, ओंजळीत मावतील एवढी. पुण्यानुमोदनाच्या दिवशी फोटोला एकच हार असावा. चाळीतल्या प्रत्येक घराने वेगळा हार आणला की फोटोतलं माणूस दिसेनासं होतं. त्यापेक्षा सर्वांनी मिळून त्या घरातल्या शिकणाऱ्या मुलाच्या फीची सोय करावी.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर फुलांऐवजी एक वही आणि एक पेन आणा, असं आवाहन आता तरुण कार्यकर्ते करतात. मी त्यांच्या बाजूचा आहे. दरवर्षी पिशवीत वह्या असतातच. पण विदर्भ-मराठवाड्यातून रेल्वेने आलेली म्हातारी, जी पदरात दोन फुलं बांधून आणते, तिला कुणी त्या नावाखाली बोल लावू नये. रांगेत कित्येक तास उभं राहावं लागतं. गुलाब उन्हात मान टाकतो, त्याच्या पाकळ्या गळून हातात नुसता काटेरी देठ उरतो. शेवंती टिकते. माझी आई दरवर्षी पिवळी शेवंतीच न्यायची, देठाला ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळून, आणि दर तासाला बाटलीतलं घोटभर पाणी त्या चिंधीवर ओतायची.